ढाक्याच्या मुली कामावर कशा गेल्या?

मुलगी बारावी झाली, बी.ए. झाली, डी.एड. झाली, आता पुढे काय? आपल्या घराघरांत हा प्रश्न निघतो आणि त्याची उत्तरेही जवळपास ठरलेली असतात. वडीलधारे म्हणतात, "आपल्यात बायकांनी बाहेर नोकरी करायची रीत नाही." कुणी म्हणते, "तिलाच कुठे हौस आहे?" बाहेरचे लोक म्हणतात, "यांचा धर्मच बायकांना घराबाहेर पडू देत नाही." एवढे बोलून झाले की विषय संपतो. कामाची जागा घरापासून किती लांब आहे, परतीच्या वाटेवर दिवे आहेत का, तान्ह्या बाळाला कोण सांभाळणार, पगार कुणाच्या हातात पडणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

आमचे म्हणणे असे, की बाई कामावर जाते की नाही हे बहुतेक वेळा याच साध्या, रोजच्या गोष्टींवर ठरते. याचा मोठा दाखला आपल्या शेजारीच आहे. बांगलादेशात दहा माणसांत नऊ मुसलमान आहेत. पडदा, बिरादरी, मुलीच्या लग्नाची घाई, लोक काय म्हणतील याची धास्ती, सगळे आपल्या ओळखीचे. पन्नास वर्षांपूर्वी तिथली बाई गावच्या बाजारातही क्वचितच दिसे. आज त्या देशाच्या निर्यातीतला ८० टक्क्यांहून अधिक भाग तयार कपड्यांचा आहे आणि हा धंदा बायकांच्या हातांनी उभा राहिला आहे. हे कसे घडले, बायकांनी त्याची काय किंमत मोजली आणि आपल्या घरांनी त्यातून काय घ्यावे, ते या लेखात पाहू.

ढेंकी थांबली, भूक आली

बंगालच्या खेड्यातली बाई पूर्वी रिकामी बसत नव्हती. भाताची मळणी झाली की पुढचे सगळे काम तिचे. भात उकडायचे, वाळवायचे, ढेंकीवर कांडायचे. ढेंकी म्हणजे पायाने दाबून चालवायचे लाकडी मुसळ. गरीब बाया सुखवस्तू शेतकऱ्याच्या अंगणात जाऊन भात कांडत आणि मोबदल्यात तांदूळ घेऊन येत. काम अंगणातले होते, म्हणून त्याला कुणी नोकरी म्हटले नाही आणि सरकारी मोजणीतही ते फारसे आले नाही.

पुढे खेडोपाडी तांदळाच्या गिरण्या आल्या आणि ढेंकी मागे पडली. त्याच सुमारास संकटांची रांग लागली. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात लाखो माणसे गेली. १९७१ मध्ये मुक्तियुद्ध झाले. १९७४ मध्ये दुष्काळ पडला. विधवा बायका वाढल्या, टाकलेल्या बायका वाढल्या, कामाच्या शोधात गेलेला नवरा परतलाच नाही अशाही वाढल्या. बेवा बहिणीला भावाने सांभाळायचे ही रीत होती, पण भावाच्याच घरात धान्य नव्हते. मग या बाया रस्त्याच्या मातीकामावर गेल्या. मजुरी म्हणून गहू मिळे. गावच्या पुढाऱ्यांनी नावे ठेवली, पण त्यांची चूल पेटवायला कुणी आले नाही.

गरज बाईला घराबाहेर काढते, हे पहिले कारण. पण नुसत्या गरजेने निघालेली बाई मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीत करते आणि घरात जरा बरे दिवस आले की तिला परत बोलावले जाते. २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या नोंदी तपासून हीच चढउतार दाखवली. शेतीच्या काळात बायका कामात होत्या, कारखाने आले तसे लग्न झालेल्या बायकांचे प्रमाण घटले, पुढे शिक्षण आणि कचेरीतली कामे वाढली तसे ते पुन्हा वर गेले. बांगलादेशात मधला टप्पा निराळा झाला, कारण तिथला कारखानाच बायकांवर उभा राहिला.

शिलाई मशीनवर मुली

१९७८ मध्ये चट्टग्रामच्या, म्हणजे जुन्या चितगावच्या, देश गारमेंट्स या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. त्या काळी श्रीमंत देश कोणाकडून किती कपडा घ्यायचा याचा कोटा ठरवत. कोरियावर तशी मर्यादा होती, बांगलादेशावर तेव्हा नव्हती. म्हणून देवूला नवी जागा हवी होती. १९७९ मध्ये देश गारमेंट्सची १३० माणसे कोरियातल्या पुसान येथे जाऊन काही महिने काम शिकून आली. पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या बहुतेकांनी ती नोकरी सोडली आणि स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांना उभे करून दिले. एका कारखान्याचे शेकडो झाले, शेकड्यांचे हजारो झाले.

बंगालमध्ये दर्जीकाम पुरुषांचे मानले जाई. तरी या कारखान्यांनी मशीनवर मुली बसवल्या. त्यामागे काही उदात्त हेतू नव्हता. मुली कमी पगारावर येतात, युनियन करत नाहीत, उलटून बोलत नाहीत, असा मालकांचा हिशेब होता. पण त्या हिशेबामुळे देशात पहिल्यांदा असे काम निघाले की ज्याला लाखो मुली हव्या होत्या. एके काळी या धंद्यातले पाचांतले चार कामगार बायका होत्या. आज सुमारे चाळीस लाख माणसे या कामात आहेत आणि त्यांत बायका निम्म्याहून थोड्या अधिक उरल्या आहेत. त्या का घटल्या, ते पुढे येईलच.

कामाला मागणी हवी, हे दुसरे कारण. "आपल्या मुली पुढे येत नाहीत" असे आपण म्हणतो, तेव्हा मुलींनी यावे असे काम आपल्या तालुक्याच्या गावी आहे तरी किती, हेही मोजले पाहिजे.

घरचे कबूल कसे झाले?

काम निघाले, पण बाप, भाऊ आणि नवरा यांनी परवानगी कशी दिली? इथे ढाक्याच्या मुलींनी आणि त्यांच्या घरांनी मोठी व्यवहारी अक्कल दाखवली.

मुली सहसा एकट्या आल्या नाहीत. आधी एखादी मावसबहीण किंवा शेजारीण कामाला लागे. तिने सुपरवायझरकडे शब्द टाकायचा, मग गावाकडून दुसरी यायची. चार-सहा जणींनी मिळून एक खोली भाड्याने घ्यायची. खोली कारखान्यापासून चालत जाता येईल एवढ्याच अंतरावर बघायची, कारण रोजच्या बसला पैसे नाहीत आणि बसमधल्या गर्दीची भीतीही आहे. सकाळी हातात डबे घेऊन झपझप चालणाऱ्या मुलींचे जथे ही ढाक्याची ओळख झाली. जथ्यात चालणाऱ्या मुलीची छेड काढायला माणूस दहादा विचार करतो. कारखान्यात साहेबाला 'भाई' आणि वयाने मोठ्या बाईला 'आपा' म्हणायचे. परक्या माणसांत वावरायचे तर आधी नाते जोडायचे, ही तर आपल्याकडचीच चाल. काही जणी बुरखा घालून येत, काही ओढणीने डोके झाकून. विचारले तर पुष्कळ जणी सांगत, की पडदा माणसाच्या नजरेत आणि वागण्यात असतो.

या मुलींनी दीन सोडला नाही आणि घरच्यांशी भांडण मांडले नाही. घरच्यांना ज्या ज्या गोष्टीची धास्ती होती, तिचा एकेक करून बंदोबस्त केला. वाटेची धास्ती जथ्याने गेली. मुक्कामाची धास्ती ओळखीच्या मुलींनी गेली. लोकांच्या बोलण्याची धास्ती महिन्याच्या पगाराने बरीच कमी झाली.

तोच समाज, दोन शहरे

धर्म आणि रीत यांचा वाटा खरोखर किती, हे पाहायला एक फार बोलके पुस्तक आहे. बांगलादेशी वंशाच्या अभ्यासक नैला कबीर यांनी ढाका आणि लंडन या दोन शहरांतल्या बांगलादेशी बायकांच्या मुलाखती घेतल्या. हे पुस्तक २००० साली निघाले. सर्वसाधारण समज असा, की लंडनसारख्या शहरात राहणारी बाई कारखान्यात जाईल आणि ढाक्याची बाई घरात बसून शिवेल. प्रत्यक्षात उलटे आढळले. ढाक्याच्या बाया कारखान्यात जात होत्या. लंडनच्या पूर्व भागातल्या बांगलादेशी बाया मात्र घरातच मशीन ठेवून नगावर कपडे शिवत होत्या.

भाषा एक, मजहब एक, शिलाईचे काम एक. मग फरक कशाने पडला? लंडनमधली कुटुंबे बहुतेक सिलहटकडची, एकाच वस्तीत दाटीने राहणारी. कोण कुठे जाते यावर साऱ्या वस्तीचे लक्ष. बाहेर गोऱ्या टोळ्यांच्या हल्ल्यांची भीती. लहान मुले सांभाळायला नाणी-दादी नाही, भाषा येत नाही. ढाक्यात मुली निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेल्या, मोठ्या शहरात त्यांना ओळखणारे थोडे, आणि कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे बाईचे पाऊल अडले ते वाट, वस्ती, मूल आणि भीती यांपाशी.

आपल्या दीनची गोष्ट निघालीच आहे म्हणून एवढे सांगतो. हजरत खदीजा (रजि.) व्यापार करत होत्या, हे आपल्या लहान मुलांनाही पाठ असते. बाईची कमाई ही तिची स्वतःची मालमत्ता, घरखर्चाची जबाबदारी नवऱ्यावर, हा नियमही आपल्याला ठाऊक आहे. तरीही कमावत्या सुनेचा पगार कुणाच्या हातात जातो, हे ज्याने त्याने आपापल्या घरात पाहावे.

आधीची मशागत

कारखान्यांनी सगळे केले असे मानणे चूक ठरेल. त्यांच्या आधी आणि बरोबरीने बरीच मशागत झाली होती.

पहिली मशागत शाळेची. १९९४ पासून बांगलादेशाने खेड्यांतल्या सहावी ते दहावीच्या मुलींना देशभर वजीफा सुरू केला. अटी तीनच होत्या: हजेरी ७५ टक्के हवी, परीक्षेत ४५ टक्के गुण हवेत आणि दहावीपर्यंत मुलीचे लग्न करायचे नाही. पैसे थोडे होते, पण बापाला बिरादरीपुढे सांगायला कारण मिळाले. आत्ता लग्न केले तर वजीफा जाईल, एवढे म्हटले की बोलणारे गप्प बसत.

दुसरी मशागत आरोग्याची. कुटुंब नियोजनाचे काम करायला सरकारने गावागावांतल्याच बायका नेमल्या आणि त्या घरोघरी गेल्या. दवाखान्यात न जाणाऱ्या सुनेपर्यंत दवाखानाच चालत आला. १९७५ च्या सुमारास तिथल्या बाईला सरासरी सहाहून अधिक मुले होत. २०११ पर्यंत हा आकडा अडीचच्या खाली आला. दर दोन वर्षांनी कडेवर नवे मूल असेल तर बाई नोकरीचा विचार कधी करणार?

तिसरी मशागत पैशाच्या व्यवहाराची. फजले हसन आबेद यांची ब्रॅक ही संस्था १९७२ मध्ये सुरू झाली. मुहम्मद युनूस यांची ग्रामीण बँक १९८३ मध्ये बँक म्हणून उभी राहिली आणि २००६ चे शांततेचे नोबेल दोघांना मिळून दिले गेले, युनूस यांना आणि बँकेला. तिचे बहुसंख्य कर्जदार बायकाच. कर्जाच्या हप्त्यांचा जाच आणि नवऱ्यानेच पैसे वापरणे, या तक्रारी खऱ्या आहेत. तरी गावच्या बायका दर आठवड्याला एका ठिकाणी जमू लागल्या, सही करू लागल्या, स्वतःच्या नावाने हिशेब ठेवू लागल्या, हेही खरे आहे.

या सगळ्याचा परिणाम पुढच्या पिढीवर दिसला. रेचेल हीथ आणि मुश्फिक मोबारक यांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की कपड्याच्या कारखान्यांजवळच्या गावांत मुली अधिक वर्षे शाळेत राहतात, त्यांची लग्ने उशिरा होतात आणि पहिले मूलही उशिरा होते. कारखान्यात हिशेब आणि लिहिणेवाचणे येणाऱ्या मुलीला बरा पगार मिळतो, हे आईबापांना दिसते. मग मुलीची शाळा त्यांना फुकटचा खर्च वाटत नाही.

देशाचे आकडेही हेच दाखवतात. २०१६-१७ च्या पाहणीत कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. २०२२ मध्ये ते ४२ टक्क्यांपुढे गेले. यातली मोठी वाढ मात्र खेड्यांतली आहे. गाय, कोंबड्या, परसातली भाजी, घरची शेती, अशी ही कामे. सगळ्यांनाच महिन्याला पगार मिळतो असे नाही.

याची किंमत

हे सारे लिहिताना दुसरी बाजू झाकून ठेवली तर आम्ही वाचकांशी अप्रामाणिक ठरू.

२४ नोव्हेंबर २०१२ रोजी ढाक्याजवळ आशुलिया येथे ताजरीन फॅशन्स या कारखान्याला आग लागली. बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. शंभराहून अधिक कामगार मेले. पाच महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी, साभार येथील राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालची बँक आणि दुकाने त्यामुळे बंद ठेवली गेली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. १,१३४ जीव गेले आणि त्यांत बहुसंख्य बायका होत्या. त्यानंतर परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात इमारती व आगीपासूनच्या सुरक्षेचा बंधनकारक करार झाला, हजारो कारखान्यांची तपासणी झाली. पण ती अक्कल यायला एवढे जनाजे उठावे लागले.

पगाराचीही तीच कथा. किमान पगार २०१८ मध्ये महिना ८,००० टाका झाला. २०२३ च्या अखेरीस तो १२,५०० टाका ठरला, तेव्हा कामगार २३,००० मागत होते. वाढीसाठी दर वेळी त्यांना रस्त्यावर उतरावे लागले.

आणि आता पाहू, बायका का घटल्या. नवी यंत्रे आली, त्यांचे प्रशिक्षण बहुतेक पुरुषांना मिळाले. दुसरे कारण घरातले. पुष्कळ बाया तिशी ओलांडली की काम सोडतात. २००६ च्या कामगार कायद्यात सोळा आठवड्यांची बाळंतपणाची रजा ठरवली गेली. जिथे चाळीस किंवा अधिक बाया कामाला आहेत, तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवण्याची सक्ती आहे. कागदावर हे चांगले आहे. पण अनेक ठिकाणी खोली नावापुरती असते, आणि पहाटेच्या गर्दीतून तान्हे बाळ कारखान्यापर्यंत आणणेही सोपे नसते. म्हणून कितीतरी आया मूल गावी नाणीपाशी ठेवतात आणि ईदच्या सुट्टीत त्याला भेटतात. काही वर्षांनी शरीर थकते, मूल हाक मारते आणि काम सुटते. मुलीला कामावर आणणे बांगलादेशाला जमले. आईला कामावर टिकवणे त्याला अजून नीट जमलेले नाही.

आपल्या घरांतले न मोजलेले काम

आता आपल्याकडे वळू. सरकारी पाहणीनुसार भारतात पंधरा वर्षांवरच्या बायकांमध्ये कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्यांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होते. २०२३-२४ मध्ये ते ४१.७ टक्के झाले. इथेही वाढ मुख्यतः खेड्यांत, घरच्या शेतीत आणि घरच्या धंद्यात आहे. त्यातल्या बऱ्याच जणींना हातात मजुरी मिळतच नाही.

मुस्लिम बायकांबद्दल सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातला एक आकडा आपण पाठच करावा. काम करणाऱ्या मुस्लिम बायकांपैकी ७० टक्के स्वतःच्या घरात बसून काम करत होत्या. एकंदरीत हे प्रमाण ५१ टक्के होते. म्हणजे "आपल्या बायका काम करत नाहीत" हे मुळातच खोटे आहे. विडी वळणे, यंत्रमागाच्या कांड्या भरणे, जरी-टिकलीचे काम, तयार कपड्यांचे धागे तोडणे, बटणे लावणे, पापड लाटणे, हे सारे आपल्या मोहल्ल्यांत दुपारच्या अजानपासून रात्रीपर्यंत चालू असते. मजुरी नगावर. भाव मध्यस्थ ठरवतो. माल नापसंत झाला तर पैसे कापतो. मान, पाठ, डोळे दुखले तर दवाखाना आपल्या खर्चाने. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा आणि पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर, हे आपल्या देशात २०१७ पासून कायद्यात आहे. पण घरी बसून विडी वळणाऱ्या किंवा धागे तोडणाऱ्या भाभीच्या पदरात त्यातले पाळणाघर कुठून पडणार? तिचे कामाचे ठिकाण म्हणजे तिचीच खोली.

घरात बसून काम करण्यात कमीपणा नाही. लहान मुले असतील तर तेवढेच शक्य असते. अडचण अशी, की घरातल्या कामाला काम न म्हटल्यामुळे त्याचा भाव वाढत नाही आणि ते करणाऱ्या बाईच्या वेळेलाही भाव राहत नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत आढळले, की घरकाम करणारी बाई रोज सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळपास पाच तास, बिनपगारी घरकामात घालवते. जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांची मिनिटे ९७. हात लावणारे पुरुष तरी किती? चारांत एखादा. रमजानमध्ये सहरीच्या आधी कोण उठते आणि इफ्तारनंतरची भांडी कोण घासते, हे आठवले की या आकड्यांचा अर्थ कळतो.

घराने काय ठरवायचे?

कारखाने, रस्ते, बसगाड्या, पाळणाघरे ही सरकारची आणि मालकांची जबाबदारी आहे आणि ती मागत राहिले पाहिजे. मार्च २०२३ पासून आपल्या एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले. अशा एका निर्णयाने तालुक्याच्या गावी शिकायला किंवा कामाला जाणे हजारो घरांना परवडू लागते. पण काही गोष्टी घराच्या हातात आहेत. त्या सांगून आम्ही थांबतो.

मुलीच्या नोकरीची गोष्ट निघाली की 'हो' किंवा 'नाही' याच्या आधी धास्ती कशाची आहे ते स्पष्ट बोलावे. वाटेची असेल, तर त्याच बाजूला जाणाऱ्या आणखी दोन मुली शोधाव्यात, मोहल्ल्यातल्या विश्वासातल्या रिक्षावाल्या चाचांना महिन्याने ठरवावे. कामाच्या ठिकाणची असेल, तर अम्मीने किंवा अब्बांनी एकदा जाऊन ती जागा, तिथल्या बाया, संडास-पाण्याची सोय डोळ्यांनी पाहून यावे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कामाच्या जागी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती हवी, असा २०१३ चा कायदा आहे. ती आहे का, हे विचारायला लाजू नये.

निकाहची बोलणी चालू असताना जेवणाचा बेत आणि पाहुण्यांची संख्या ठरते. मुलगी शिकत राहणार का, नोकरी करणार का, हेही त्याच बैठकीत दोन्ही घरांनी बोलावे. निकाहनाम्यात अशी अट लिहून घेता येते. नंतर रडत बसण्यापेक्षा आधी लिहिणे बरे.

सून कामावर जाणार असेल तर घरकामाची वाटणी आधी व्हावी. सासूबाईंनी नातवंडे सांभाळायची असतील तर त्यांच्या गुडघ्यांचाही विचार व्हावा. एक वेळचा स्वयंपाक, पाणी भरणे, मुलांना मदरशात आणि शाळेत सोडणे, यांतले काही दिराने आणि नवऱ्याने घ्यावे. रात्री बाहेरून येणाऱ्या सुनेने पुन्हा सगळ्यांच्या भाकऱ्या थापायच्या असतील, तर ती नोकरी वर्षभरही टिकणार नाही आणि आपण म्हणू, "तिलाच जमले नाही."

पगार तिच्या खात्यात जावा आणि त्या खात्याचे कार्ड व पिन तिच्यापाशी असावा. २०२० च्या साथीत बांगलादेश सरकारने कारखान्यांना मदत देताना पगार थेट कामगारांच्या बँक किंवा मोबाइल खात्यात भरायला लावले. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले, तेव्हा कितीतरी घरांत पहिल्यांदा बाईच्या नावाने खाते वापरात आले. ते खाते आता बंद पडू देऊ नये. घरी बसून विडी, कांडी किंवा जरीचे काम करणाऱ्या बाईनेही तिची मजुरी त्यातच घ्यावी आणि किती नग दिले, किती पैसे आले, हे एका वहीत रोज लिहावे. मोहल्ल्यातल्या दहा जणींच्या वह्या एकत्र ठेवल्या की मध्यस्थाशी भावाची गोष्ट करता येते. एकटीला तो, "परवडत नसेल तर सोडा," म्हणतो. दहा जणींना तसे म्हणणे त्याला परवडत नाही.

ही वही शाळेत जाणाऱ्या मुलीला लिहायला द्यावी. आपली आई दिवसाला किती काम करते आणि त्याचे तिला किती मिळतात, हे तिला आधी कळू द्या. पुढे स्वतःच्या कामाची गोष्ट निघेल तेव्हा तिला घरच्यांशी कोणत्या भाषेत बोलायचे ते ठाऊक असेल, इन्शाअल्लाह.